साठ दावतंय, पण साठ हाय का?

ढवळणं आणि मिसळणं हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. चहाच्या कपात चालून जातं, डक्टमध्ये, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळीत, महागात पडतं.

गेल्या हंगामात खानापूरकडच्या एका काजू ड्रायरपाशी उभा होतो. डक्टच्या मधोमध आडवा पत्रा, वरून ९० अंशांची हवा, खालून बाहेरची ३० ची. पत्रा संपला की दोन्ही एकत्र. मिस्त्री म्हणाला, "साठ दावतंय की ओ!" आणि ट्रे बघावेत तर वरचा गर तांबूस, खालच्याची साल सुटेना. जाड मीटर काढून बारीक तारेचं थर्मोकपल (झटकन बदलणारं तापमान टिपणारी जोडतार) लावलं, तर आकडा ८५ आणि ३५ च्या मध्ये नाचायला लागला. साठची हवा तिथं जवळपास नव्हतीच. मीटर नुसती सरासरी काढत होता.

हवा ढवळली गेली होती. दोन झोतांचा वेग वेगळा असला की पत्र्याच्या कडेपासून आडव्या लाटण्यासारखे भोवरे सुटतात. ब्राउन आणि रोश्को या संशोधकांनी १९७४ साली हेलियम-नायट्रोजनच्या झोतांमध्ये त्यांचे स्पष्ट फोटो काढले. हे भोवरे दोन्हीकडची हवा गिळतात, पण पोटात गरम-गार पट्टे तसेच राहतात, सुरळीच्या वडीसारखे. मिसळणं त्यानंतरचं. पट्टे इतके पातळ व्हायला हवेत, की उष्णता रेणूरेणूंतून पलीकडे जाईल.

मालकांचा उपाय ठरलेला: दोन्ही पंखे वाढवा. त्यानं काही साधत नाही. मिश्रणाचा पट्टा किती झपाट्यानं रुंदावतो, ते वेगांतला फरक भागिले बेरीज यावर ठरतं. १० आणि ५ ला एक तृतीयांश, २० आणि १० ला तेवढंच. १० आणि ९ केलंत तर एक एकोणिसांश, म्हणजे आधीच्या एक षष्ठांशाहूनही कमी.

आम्ही पत्र्याची कड कातरीनं दातेरी केली, एक दात वर, एक खाली वाकवला. आता आडव्या भोवऱ्यांच्या जोडीला झोताच्या दिशेनं पीळ पडतात, गरम-गार पट्टे चिरत जातात. विमानाच्या काही इंजिनांच्या मागची कड दातेरी असते, तिथंही हेच तंत्र, फक्त हेतू आवाज कमी करण्याचा. फुकट मात्र नाही: दात जास्त वाकवले की दाब खाल्ला जातो, पंख्याला जड जातं. पहिल्या खेपेला मीही जास्तच वाकवले होते. मिस्त्रीनं हातोडीनं थोडे परत बसवले, तेव्हा कुठं आकडा ५७ ते ६३ मध्ये स्थिरावला.