खानेसुमारी ते जनगणना : गावाच्या आकड्यामागची गोष्ट

मौजे अमुक, कुटुंबे इतकी, पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, ० ते ६ वयाची मुले इतकी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्याची माहिती काढायला जा, हेच चार-पाच आकडे हाती येतात, आणि ते बहुतेक २०११ चे असतात.

जुनी माणसे जनगणनेला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर. घरपट्टी वसूल करायची तर उंबरे मोजले की काम भागायचे. आत किती माणसे जेवतात याच्याशी दप्तराला फारसे घेणेदेणे नव्हते. माणसांची मोजणी, म्हणजे शिरगणती, इंग्रजी अमलात सुरू झाली. १८७२ ची पहिली गणना निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी झाली. देशभर एकाच वेळी मोजणी झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ रोजी. पुढे १९३१ पर्यंत एका रात्रीत मोजायची पद्धत होती. त्यासाठी चांदणी रात्र धरत, जत्रा आणि लग्नाच्या तिथी टाळत, कारण त्या दिवशी माणूस आपल्या गावात सापडायचा नाही.

माणूस गावात सापडणे, हाच या आकड्यांचा खरा पेच आहे. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या वीस दिवसांत एकदाही घरी न आलेल्याची नोंद तो जिथे असेल तिथे करायची, असा नियम होता. आता बीडकडचे एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, उसाच्या फडावर गेलेले असतात. फेब्रुवारीत निम्म्या दारांना कुलूप असते आणि ओट्यावर म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली नातवंडे. अशा गावाचा आकडा वाचताना हा महिना लक्षात घेतलाच पाहिजे. कोकणात तीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण कर्ते पुरुष मुंबईला. दहा वर्षांत तिथली लोकसंख्या सुमारे पाच टक्क्यांनी घटलीही होती.

० ते ६ चा रकाना मात्र स्थलांतराच्या नावावर ढकलता येत नाही. बीड जिल्ह्यात या वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. गर्भातच मुली मारल्या गेल्याचा हा लेखी पुरावा आहे आणि तो वाचताना आजही घशाशी आवंढा येतो. साक्षरतेची टक्केवारीही याच रकान्यावर अवलंबून असते: १९९१ पासून ती सात वर्षे पूर्ण झालेल्यांचीच काढतात. एकूण लोकसंख्येने भागले तर गाव उगाच अडाणी ठरते.

काही गावांपुढे आकडाच नसतो. महसुली दप्तरात नाव आहे, शीव आहे, गट नंबर आहेत, पण वस्ती नाही. अशी सुमारे २,७०० गावे २०११ मध्ये राज्यात होती. दप्तरात त्यांना बेचिराग म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही.

जातवार मोजणी १९३१ नंतर थांबली. त्यानंतर अनुसूचित जाती-जमातींचेच रकाने उरले. २०२१ ची गणना कोविडमुळे लांबली. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे आणि जातीची नोंदही होणार आहे. २०११ च्या ० ते ६ रकान्यातली पोरे तोवर १६ ते २२ वर्षांची झालेली असतील. गावागावातली ही मोजणीही फेब्रुवारीतच आहे, ऐन गाळप हंगामात.