काम की आधार? कलम ४१ च्या एका वाक्याची दोन तुकड्यांत झालेली वाटणी

तहसीलच्या निराधार शाखेत दरमहा अनुदानाचा अर्ज घेऊन जाणाऱ्या अपंग माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: काही कामधंदा करता का? प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना माणूस अडखळतो. कोपऱ्यावरच्या टेलरकडे काजं-बटणं करतो, महिन्याला चार-पाच हजार सुटतात, असं खरं सांगावं तर अनुदान हातचं जाईल ही भीती. काहीच करत नाही म्हणावं तर ते खोटं, शिवाय आपल्याच तोंडाने स्वतःला बिनकामाचं म्हणणं. लोकांचे अर्ज भरून देताना मी ही अडखळ कितीतरी वेळा पाहिली आहे. काम आणि आधार यांतलं एकच काहीतरी निवड, असं माणसाला सांगणारी ही व्यवस्था आपल्याकडे कशी उभी राहिली, ते समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

संविधानाने असं काही म्हटलेलं नाही. कलम ४१ एका दमात दोन्ही गोष्टी सांगतं: लोकांना कामाचा हक्क मिळावा, आणि बेकारी, म्हातारपण, आजार किंवा अपंगत्व आलं तर सरकारी मदतीचा हक्कही मिळावा. काम आणि मदत यांच्या मधे ‘किंवा’ नाही. मात्र त्याच वाक्याच्या सुरुवातीला एक पाचर आहे. राज्याने हे सगळं आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करायचं आहे. शिवाय हे मार्गदर्शक तत्त्व, त्यामुळे ते मोडलं म्हणून थेट कोर्टात जाता येत नाही. ही पाचर पुढे पुन्हा भेटणार आहे.

संविधानाच्या आधीही, निदान काही लोकांसाठी, काम आणि आधार बरोबर चालत होते. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावून परतलेल्या हिंदी सैनिकांसाठी मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल काढलं. पुढे ते खडकीला गेलं. जखमी शिपायाला पोटापुरता एखादा धंदा शिकवायचा, हा त्याचा उद्देश. दुसऱ्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी १९४३ मध्ये देहरादूनला सेंट डन्स्टन्स या अंध सैनिकांसाठीच्या ब्रिटिश संस्थेची शाखा निघाली. शिपाई धंदा शिकला म्हणून त्याचं पेन्शन कुणी काढून घेतलं नाही. आजही सैनिकाचं अपंगत्वाचं पेन्शन दुसरी नोकरी धरली म्हणून बंद होत नाही. देशासाठी गमावलेल्या अवयवाची ती भरपाई आहे, ती कमाईशी तोलायची नसते, हे तिथे सगळ्यांना मान्य आहे.

गिरणी कामगाराच्या वाट्यालाही यातलं थोडं आलं. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने शरीराचा हिशेब टक्क्यांत मांडला. त्याच्या परिशिष्टात पुढे अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलं जाऊ लागलं, एक डोळा काढावा लागला तर ४० टक्के. माणसाच्या बोटांचा असा भाव वाचताना पोटात कालवतं. पण या कायद्याची एक चांगली बाजू होती. परिशिष्टातल्या इजेची भरपाई ठरवताना ‘आता तू काय करतोस’ असं विचारत नसत. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विम्यातही कायमच्या अपंगत्वाचा लाभ आयुष्यभर मिळतो, कामगार पुन्हा कामावर लागला तरी मिळतो. वर्गणी भरलेली असते, म्हणून तो हक्क असतो.

म्हणजे सैनिक आणि विमा असलेला कामगार यांना दोन्ही. ज्याचं अपंगत्व जन्मापासूनचं, पोलिओने आलेलं, शेतात विजेचा धक्का बसून किंवा बैलगाडीखाली सापडून आलेलं, त्याचं काय? त्याच्यासाठी स्वतंत्र भारताने जी पहिली खिडकी उघडली ती कामाची होती.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज हीसुद्धा मुळात युद्धाची देणगी. १९४५ मध्ये सैन्यातून मोकळ्या झालेल्या शिपायांना नोकऱ्या शोधून देण्यासाठी ती सुरू झाली, मग फाळणीच्या निर्वासितांसाठी वापरली गेली, आणि १९४८ पासून सर्वांना खुली झाली. १९५९ मध्ये अपंगांसाठीचं देशातलं पहिलं विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईत उघडलं. १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबादला व्यवसाय पुनर्वसन केंद्रं निघाली. माणूस काय करू शकतो हे तपासायचं, थोडं शिकवायचं आणि नोकरीकडे पाठवायचं, असा तो क्रम. कल्पना चांगलीच होती. पण १९५९ च्या रिक्त पदं कळवण्याच्या कायद्याने मालकावर पद कळवण्याची सक्ती केली, त्या यादीतून माणूस घेण्याची केली नाही. ‘एम्प्लॉयमेंटला नाव नोंदवलंय’ हे वाक्य घरोघरी वर्षानुवर्षं ऐकू येई. कार्डाचं नूतनीकरण करायचं आणि कॉलची वाट पाहायची. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फक्त कार्यालयाने पाठवलेल्या नावांवर भरती करू नका, जाहिरातही द्या. त्यानंतर त्या कार्डाचं उरलंसुरलं वजनही गेलं.

अपंगांना ‘शोभणारी’ म्हणून जी कामं ठरली, तीही एकेक करून हातची गेली. अंध माणसाने वेताच्या खुर्च्या विणायच्या. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. अंध माणूस उत्तम टेलिफोन ऑपरेटर होतो म्हणून कचेऱ्यांनी त्यांना घेतलं. मग फोन आपोआप जोडला जाऊ लागला. शहरांत पीसीओचे बूथ अपंगांना प्राधान्याने मिळाले. रुपयाच्या नाण्यावर चालणाऱ्या त्या फोनवर कितीतरी घरं उभी राहिली, मुलं शिकली. मोबाईल आल्यावर बूथमध्ये झेरॉक्स, रिचार्ज, थंड पाणी असं काहीबाही भरून माणसं तगून राहिली. काम गेलं ते अपंगत्वामुळे नव्हे, यंत्र बदललं म्हणून. पण एखादी कला आटली तर धडधाकट माणूस दुसरीकडे वळतो, आणि अपंगाला वळायला दुसरी वाट आखलेलीच नसते.

वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी वेगळा रस्ता धरला. महारोगी म्हणून गावाबाहेर काढलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती पिकवली, माग चालवले. भीक नको, काम द्या, हे तिथे बोटं झडलेल्या हातांनी सिद्ध केलं. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड संस्थेने १९८४ पासून शिक्षण, वसतिगृह आणि रोजगार एकत्र बांधले. सिंधुदुर्गातल्या त्यांच्या काजू प्रक्रिया केंद्राचं नाव स्वप्ननगरी. ही बेटं मोठी आहेत, पण बेटंच आहेत.

महाराष्ट्राच्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा वळसा मात्र दुष्काळातून आला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये एक प्रयोग केला: मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी, पाझर तलाव खणणारी माणसं लाखांनी रस्त्यावर आली आणि तो प्रयोग राज्यभर पसरला. शहरातल्या पगारदाराच्या व्यवसाय कराचा पैसा त्यासाठी लागला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, हेही त्यात होतं; निदान एक रुपया रोज. रक्कम क्षुल्लक होती, तत्त्व फार मोठं होतं. काम न मिळणं हा माणसाचा दोष नाही, हे एका राज्याने कायद्यात लिहिलं. देशाला तिथे पोहोचायला २००५ उजाडलं.

पण त्या कायद्यातलं काम म्हणजे अंगमेहनतीचं अकुशल काम. कुदळ, पाटी, घमेलं. ज्याला घमेलं उचलता येत नाही, त्याचा हक्क तिथे पातळ व्हायचा. आणि हमी कायदा लागू होऊन दोन वर्षं व्हायच्या आत, १९८० मध्ये, अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजाराचे रुग्ण, अपंग अशांना दरमहा अनुदान. या योजनेने किती चुली पेटत्या ठेवल्या ते गावात राहिलेल्या कुणालाही विचारा. तिचं मोल कमी करण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण वाटणी इथे झाली असं मला वाटतं. ज्याला दगड फोडता येतो तो रोजगार हमी योजनेवर (रोहयोवर), ज्याला येत नाही तो निराधार शाखेत. जो दगड फोडू शकत नाही पण हिशेब लिहू शकतो, शिवू शकतो, मजुरांना पाणी देऊ शकतो, तो मधल्या फटीत पडला. योजनेचं नावच बघा. आधार मिळवायचा तर आधी आपण निराधार आहोत हे सिद्ध करायचं. घरात कुणी कमावतं नाही, आपल्यालाही जमत नाही, हे तलाठ्याच्या दाखल्यावर आणायचं.

अपंगांनी हे मुकाट्याने घेतलं असं मात्र नाही. मार्च १९८० मध्ये रोजगार मागायला दिल्लीत निघालेल्या अंधांच्या मोर्चावर लाठ्या पडल्या. १९९३ मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने सर्वोच्च न्यायालयातून यूपीएससीची परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिक घेऊन देण्याचा हक्क मिळवला. केंद्र सरकारच्या खालच्या दोन श्रेणींत तीन टक्के राखीव जागा १९७७ पासून होत्या, पण त्या केवळ आदेशावर. त्यांना कायद्याचं बळ मिळालं ते अपंग व्यक्ती अधिनियमाने; १९९५ मध्ये संमत होऊन तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला.

या कायद्यातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. कलम ४७ ने सांगितलं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येणार नाही. जमेल ते पद द्या, तेही नसेल तर पगार कायम ठेवून जादा पदावर ठेवा. कुणाल सिंह हे निमलष्करी दलातले शिपाई. पाय कापावा लागला आणि त्यांना सेवेतून घरी पाठवलं. सरकारचं म्हणणं होतं, त्यांना असमर्थतेचं पेन्शन मिळतंय ना? २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. पेन्शन मिळतं म्हणून नोकरीचं संरक्षण काढून घेता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. काम आणि आधार एकमेकांना खोडत नाहीत, हे इतक्या स्पष्टपणे त्याआधी कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही.

दुसरं कलम ६८. विशेष सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून दोन वर्षं झाली तरी काम मिळालं नाही, तर अपंग व्यक्तीला बेकारी भत्ता देण्याची योजना सरकारने आखावी. म्हणजे नेमकं हवं होतं तेच: काम शोधतोय आणि मिळत नाही, म्हणून आधार. पण कलमाची सुरुवात पुन्हा त्याच शब्दांनी, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. कलम ४१ ची पाचर ४५ वर्षांनी जशीच्या तशी इथे ठोकलेली होती.

राखीव जागांचंही तसंच घडलं. खात्यांनी आधी अपंगांना जमतील अशा ‘सुनिश्चित’ पदांची यादी करायची आणि त्या पदांपुरतेच तीन टक्के मोजायचे, अशी रीत पाडली. यादीच अपुरी, तर तीन टक्के कशाचे? ८ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब मोडला आणि एकूण रिक्त पदांवर टक्के काढायला सांगितलं. फेडरेशनच्या बाजूने तेव्हा उभे होते संतोषकुमार रुंगटा, स्वतः अंध असलेले वकील. तोवर साचलेला अनुशेष भरण्याची मागणी आजही संघटनांच्या प्रत्येक निवेदनात असते.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, आरक्षण चार टक्के, गरिबी निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के. कलम २४ म्हणतं की इतरांना जी मदत मिळते त्यापेक्षा दिव्यांगाला निदान २५ टक्के जास्त द्या, कारण त्याला जगायलाच जास्त खर्च येतो. बेकारी भत्ताही त्यात आहे, दोन वर्षांची अटही आहे, आणि कुवतीची मर्यादाही.

आता संजय गांधी योजनेची उत्पन्नाची अट पाहू. इतरांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, दिव्यांगांसाठी ५०,००० च्या आत. ५०,००० म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६७ रुपये, तेही सगळ्या घराचे. रोहयोची २०२५-२६ ची महाराष्ट्रातली मजुरी रोज ३१२ रुपये होती. शंभर दिवसांचे ३१,२०० होतात. म्हणजे सरकारच एका कायद्याने ज्या कामाची हमी देतं, ते विधवा बाईने पुरतं केलं तर दुसऱ्या योजनेच्या अटीबाहेर जाते. दिव्यांगाच्या घरात हमीचे शंभर दिवस भरले आणि त्याने स्वतः टेलरकडून वर्षाला वीसेक हजार आणले, की तोही बाहेर. या आकड्यांपुढे लोक कमाई लपवतात, हिशेबात न दिसणारं काम धरतात. मग त्या कामाला ना किमान वेतन, ना विमा. कर्मचारी राज्य विमा ज्यांना आयुष्यभराचा लाभ देतो त्यांच्यात त्यांचं नाव कधी येतच नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग नोंदले गेले. देशभरात त्यांच्यातल्या ३६ टक्के लोकांना कसलं तरी काम होतं; बायकांत हे प्रमाण अवघं २३ टक्के. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. दरमहा अनुदान २०१९ मध्ये १,००० झालं, २०२३ मध्ये १,५००, आणि दिव्यांगांच्या आंदोलनांनंतर २०२५ मध्ये त्यांच्यासाठी २,५००. रक्कम वाढावी म्हणून माणसं तीनचाकी सायकली घेऊन रस्त्यावर उतरली होती. उत्पन्नाची अट कमाईच्या टप्प्यांशी जोडा, नोकरी लागली तरी पहिली काही वर्षं अनुदान चालू ठेवा, नोकरी गेली तर नव्याने सगळे दाखले मागू नका: या मागण्या मी निराधार शाखेच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्यांकडून ऐकतो. कलम ६८ मधला आणि आता कलम २४ मधला तो भत्ता मागायला त्यांच्यातलं कुणी येत नाही, कारण असा भत्ता कायद्यात लिहिलेला आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.