टिव्होलीचे मूकनाट्यगृह, कोपनहेगन

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील टिव्होली या करमणूक उद्यानातील खुले रंगमंदिर. हार्लेकिन, कोलंबिन, कासांडर आणि प्येरो या जुन्या इटालियन पात्रांचे शब्दाविना रंगणारे खेळ इथे आजही नियमित होतात. युरोपात बहुतेक ठिकाणी ही पात्रे चित्रांत आणि पुस्तकांतच उरली आहेत. इथे मात्र ती एका पिढीच्या नटांकडून पुढच्या पिढीकडे प्रत्यक्ष सरावातून पोचत राहिली, आणि या रंगमंदिराचे मोठेपण मुख्यतः त्यातच आहे.

ही परंपरा टिव्होलीपेक्षा जुनी आहे. १८०० च्या सुमारास पास्कुआले कासोर्ती हा इटालियन कलावंत आपल्या मंडळींसह डेन्मार्कमध्ये आला. मूळचे इंग्लंडचे प्राइस घराणेही त्याच काळात तिथे खेळ करत होते. इटालियन सोंगे आणि इंग्रजी कसरती, उड्या, फसवाफसवी यांच्या मिश्रणातून डॅनिश मूकनाट्याचा बाज तयार झाला. गेओर्ग कार्स्टेन्सन याने १५ ऑगस्ट १८४३ रोजी टिव्होली सुरू केले, तेव्हापासून मूकनाट्य तिथल्या करमणुकीचा भाग आहे.

पहिल्याच हंगामात नील्स हेन्रिक फोल्करसेन प्येरोच्या भूमिकेत उभा राहिला आणि १८९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ५० वर्षे, त्याने ती सोडली नाही. फ्रेंच रंगभूमीवरचा प्येरो पुढे विरही आणि उदास झाला. कोपनहेगनचा प्येरो मात्र खादाड, भाबडा, घोटाळे करणारा नोकर आहे. पांढरा अंगरखा, पांढरा रंगवलेला चेहरा, लालभडक ओठ. म्हातारा कासांडर मुलीचे, कोलंबिनचे, लग्न श्रीमंत स्थळाशी लावू पाहतो. तिचे मन हार्लेकिनवर जडलेले असते. प्येरो धन्याच्या बाजूने पाठलागाला निघतो आणि प्रत्येक वेळी गोंधळ वाढवून ठेवतो. कथानक एवढेच; रंगत येते ती अचूक वेळ साधण्याने, आणि ती वर्षानुवर्षांच्या तालमीशिवाय येत नाही.

खेळ संपला की मुले ओरडतात, “प्येरो, काहीतरी बोल!” तेव्हा तो तोंड उघडतो आणि सगळ्यांकडून हुर्रेचा गजर करून घेतो. एरवी मुका असलेला माणूस फक्त त्यांच्यासाठी बोलतो, याचे मुलांना केवढे अप्रूप!

सध्याची इमारत १८७४ ची. तिचा वास्तुरचनाकार विल्हेल्म डालेरुप याचे नाव कोपनहेगनच्या रॉयल थिएटरच्या त्याच वर्षीच्या इमारतीशीही जोडलेले आहे. चिनी धाटणीच्या या रंगमंदिराला प्रेक्षागृहाचे छप्पर नाही. प्रेक्षक समोरच्या उघड्या आवारात थांबतात. दर्शनी भागावरील चिनी अक्षरांचा अर्थ ‘लोकांसह आनंद वाटून घ्यावा’ असा आहे. पडदा हा तर स्वतंत्र आकर्षणाचा विषय. पडद्याच्या जागी पिसारा फुलवलेला प्रचंड मोर असतो. खेळाच्या आरंभी पिसारा मिटतो, मोर रंगमंचाखाली जातो आणि देखावा उघडा पडतो. ही जुनी यंत्रणा माणसे हाताने चालवतात. पुष्कळ जण निव्वळ तेवढे पाहण्यासाठी थबकतात.

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना, जून १९४४ मध्ये, जर्मनांच्या डॅनिश हस्तकांनी टिव्होलीत घातपात केला. त्यात मैफलगृह नष्ट झाले, मूकनाट्यगृह बचावले.

आता इथे मूकनाट्यांच्या जोडीला नृत्यनाट्येही होतात. डेन्मार्कच्या तेव्हाच्या राणी मार्गारेथे दुसरी यांनी हान्स क्रिश्चन अँडरसनच्या कथांवरील ‘चकमकीची डबी’ (२००७) आणि ‘डुकरे राखणारा’ (२००९) या नृत्यनाट्यांसाठी नेपथ्य व वेशभूषा केली. उन्हाळी हंगामात टिव्होलीच्या प्रवेशतिकिटावरच खेळ पाहता येतात, वेगळे पैसे पडत नाहीत. त्यामुळे झोपाळ्यांकडे निघालेले कुटुंब वाटेत थांबून अर्धा खेळ पाहते, आणि नवा प्रेक्षक आपोआप तयार होतो.