कांदा लागवडीचे हंगाम (नाशिक जिल्हा)

नाशिक जिल्ह्यात कांदा (ॲलियम सेपा) वर्षातून तीन वेळा लावला जातो. मृगाच्या आगेमागे उळे (कांद्याचे बी) टाकून जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला तो खरीप किंवा ‘पोळ’. ऑगस्ट-सप्टेंबरात टाकलेल्या उळ्याची रोपे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावली की तो लेट खरीप, म्हणजेच ‘रांगडा’. दिवाळीच्या सुमारास उळे टाकून डिसेंबर-जानेवारीत लावलेला तो रब्बी, ‘उन्हाळ’ किंवा ‘गावठी’. काढणी अनुक्रमे ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च आणि एप्रिल-मे अशी येते. या सीमा तालुक्यागणिक आणि पावसागणिक पुढेमागे होतात. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या घाटालगतच्या भागात पाऊस अतोनात असल्याने तिथे मुख्य पीक भात. कांद्याचा पट्टा म्हणजे पूर्वेकडचा कमी पावसाचा मुलूख: निफाड, येवला, चांदवड, सिन्नर, नांदगाव आणि कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा).

कांदा पोसण्याचा संबंध दिनमानाशी, म्हणजे दिवसाच्या लांबीशी आहे. गार्नर व ॲलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू व इतर पिकांवरून दिनमानाचा परिणाम मांडला. कांद्यात हा परिणाम फुलोऱ्यापेक्षा गाठ धरण्यावर दिसतो. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथील सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तास २० मिनिटांचा, तर सर्वांत लहान ११ तासांच्या किंचित आतला असतो. युरोपातील दीर्घदिनी वाणांना गाठ धरण्यासाठी १४ तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. ते येथे लावले तर नुसती पात वाढत राहते. येथील वाण लघुदिनी असून ११ ते १२ तासांच्या दिवसात पोसतात. उन्हाळ कांदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवस आणि ऊन दोन्ही वाढत असताना पोसतो. त्याची मान (पात आणि कांदा यांमधला भाग) आपोआप पडते आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर मांडवात, तो चार-सहा महिने टिकतो. पोळ कांद्याचे गणित उलटे: दिवस लहान होत जातो, जमीन ओली असते, मान जाड राहते. म्हणून तो काढला की लगेच विकावा लागतो.

लागवडीची तारीख ठरवताना थंडीचा विचार होतो, पण थंड देशांत होतो त्या अर्थाने नाही. तिथे प्रश्न दहिवर (गोठलेले दव) संपले का आणि गोठलेली जमीन मोकळी झाली का, हा असतो. निफाड परिसरात काही वर्षी किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्याही खाली जाते, पहाटे दव गोठते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. कांद्याचे मात्र अशा एक-दोन रात्रींनी फारसे बिघडत नाही. पातीचे शेंडे पांढरे पडतात आणि नवी पात त्यांना मागे टाकते. खरा धोका डेंगळ्यांचा असतो.

डेंगळा म्हणजे बियाणे धरायच्या आधीच्या हंगामातच फुलाचा दांडा फेकणारा कांदा. असा कांदा उभा चिरला तर मधोमध दांड्याचा कडक, पांढरा गाभा दिसतो. पाकळ्या त्याच्याभोवती सैल बसलेल्या असतात. बाजारात तो वेगळा काढला जातो आणि चाळीत गाभ्यापासून सडू लागतो. डेंगळे का येतात याबद्दल मतभेद आहेत. काहींचा भर अशुद्ध बियाण्यावर आहे, काहींचा पाण्याच्या ताणावर, तर काही नत्राच्या मात्रेला दोष देतात. वाणांत फरक असतो हे खरेच, आणि फसव्या बियाण्याची तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. तरीही रोपाचे वय आणि थंडी यांचा मेळ हे स्पष्टीकरण अधिक पटणारे वाटते. कोवळ्या रोपाला थंडी जाणवत नाही. काही पाने फुटून बुंधा पेन्सिलीएवढा झाला की मात्र साधारण ८ ते १३ अंशांचे दिवस सलग मिळाल्यास फुलाचा कोंब तयार होतो. रांगडा डिसेंबर-जानेवारीत नेमका याच वयात असतो, म्हणून डेंगळे त्यातच जास्त. डिसेंबरअखेर लावलेले उन्हाळचे रोप कडाक्याच्या थंडीत अजून लहान असल्याने बहुधा सुटते. सगळा दोष बियाण्याचा असता तर एकाच पिशवीतले उळे लवकर आणि उशिरा लावणाऱ्यांच्या शेतांत इतका फरक दिसला नसता.

उन्हाळ कांद्याला दुसऱ्या बाजूनेही मर्यादा आहे. जानेवारीच्या मध्यानंतर लागवड केल्यास पोसण्याचा काळ एप्रिलच्या उन्हात जातो, फुलकिडे वाढतात आणि गोल्टी (बारीक कांदा) जास्त निघते. हस्ताच्या किंवा परतीच्या पावसात रोपवाटिका झोडपली गेली की उळे पुन्हा टाकावे लागते आणि सगळे वेळापत्रक पुढे सरकते. खरिपाचे रोप साधारण ४०-४५ दिवसांचे, रब्बीचे ५०-५५ दिवसांचे झाल्यावर लावतात. अंतर १५ × १० सेंमी. पावसाळ्यात निचऱ्यासाठी गादीवाफा, हिवाळ्यात सपाट वाफा सोयीचा. लागवडीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे हलके दुसरे पाणी देतात.

हंगामानुसार वाण वेगळे. निफाड-५३ व बसवंत-७८० खरिपासाठी. एन-२-४-१ हा पिंपळगाव बसवंत येथे निवडलेला वाण रब्बीसाठी. भीमा शक्ती रांगडा व रब्बी दोन्हींत चालतो. राष्ट्रीय कांदा व लसूण संशोधन केंद्र १९९४ मध्ये नाशिकलाच सुरू झाले. १९९८ मध्ये ते राजगुरुनगरला गेले आणि पुढे त्याचे संचालनालय झाले.

शॅलट, म्हणजे एका गड्डीपासून गुच्छाने वाढणारा लहान कांदा, पूर्वी ॲलियम ॲस्कॅलोनिकम ही वेगळी जात मानली जाई. आता तो बहुतेक अभ्यासकांच्या मते ॲलियम सेपाचाच गट आहे. फ्रान्समधील करडा शॅलट मात्र ॲलियम ओशॅनिनाय या निराळ्या जातीचा समजला जातो. इंग्लंडात शॅलट सर्वांत लहान दिवशी लावावा आणि सर्वांत मोठ्या दिवशी काढावा, असा जुना संकेत आहे. नाशिकच्या दिनमानाला तो लागू पडत नाही. भारतात या गटाची मुख्य लागवड तमिळनाडूत, सांबार कांदा म्हणून होते. तिथे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन हंगाम धरतात आणि बहुधा रोपांऐवजी गड्ड्याच लावतात.