सायकलने कामावर जाताय? आधी हवा मोजा

नवी सायकल घ्यायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात: गर्दीच्या वेळी गाडीपेक्षा सायकल खरंच लवकर पोहोचते का? आणि सायकल घेऊन महिना-दोन महिने झाले की त्यातलेच काही जण तक्रार घेऊन येतात: सारखी पंक्चर होते, जड चालते, रोज उशीर होतो. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी वेळेचं बोलू. सवयीचा, फार घाई न करणारा सायकलस्वार शहरात ताशी 15 किलोमीटरच्या आसपास जातो. सहा किलोमीटरला त्याची साधारण 24 मिनिटं होतात. तेवढंच अंतर मोकळ्या रस्त्यावर गाडीने दहा मिनिटांतही कापता येतं, यात वाद नाही. पण कोंडीत गाडीचा वेग ताशी दहा-बारावर आला की अर्धा तास जातो. पार्किंगसाठी मारलेल्या चकरा आणि तिथून दारापर्यंतची चाल यांत धरलेली नाही. गाडीला आज वीस मिनिटं लागतात, तर उद्या चाळीस. सायकलचा आकडा आज आणि उद्या जवळपास तोच राहतो, कारण ती रांगेत अडकून पडत नाही. आमच्या मते सायकलचा खरा फायदा हा आहे: किती वाजता निघायचं ते तुम्हाला नक्की ठाऊक असतं.

अंतर बारा-पंधरा किलोमीटरच्या पुढे असेल किंवा रस्ते मोकळे असतील, तर रोजच्या प्रवासाला गाडीच लवकर पोहोचेल. तसं आम्ही दुकानात स्पष्ट सांगतो. अशा अंतराला मोटर बसवलेली सायकल हा मधला मार्ग आहे, पण ती घेण्याआधी एकदा चालवून पाहा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. वेळेची ही खात्री एका पंक्चरने जाते, आणि आमच्याकडे येणाऱ्या पंक्चरांपैकी बरीच खिळ्याकाचेने झालेली नसतात. ती कमी हवेने झालेली असतात.

"हवा आहे हो, दाबून बघितलं ना!" हे आम्ही रोज ऐकतो. अंगठ्याने दाबून हवा कळत नाही. अरुंद टायरमध्ये 40 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असो की 75, बोटाला दोन्ही कडकच लागतात. पण 40 पीएसआयवर तुम्ही बसलात आणि चाक खड्ड्याच्या काठावर आदळलं, की टायर रिमपर्यंत दबतो आणि मधली ट्यूब चिमटली जाते. ट्यूब बाहेर काढली की शेजारी-शेजारी दोन चिरा दिसतात. काटा किंवा काच घुसली तर सहसा एकच भोक पडतं आणि टायरवरही त्याची खूण असते. दुकानात ट्यूब तुमच्यासमोर काढून दाखवण्याचा आमचा आग्रह याचसाठी असतो. दोन चिरांची ट्यूब आम्ही मोफत बदलून देत नाही. काहींना ते खटकतं, पण तो ट्यूबचा दोष नसतो. नवी ट्यूब घालूनही हवा कमीच ठेवली, तर तीही तशीच फाटेल.

याहून वाईट नुकसान व्हॉल्व्हचं. हवा कमी असली की ब्रेक दाबताना टायर रिमवर थोडा थोडा सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. शेवटी तो बुडाशी फाटतो आणि तिथे पॅच बसत नाही. तुमचा व्हॉल्व्ह तिरका दिसत असेल, तर आजच हवा सोडून टायर सरळ करून घ्या.

किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. त्या मर्यादेत राहून, साधारण वजनाच्या माणसाला 28 मिलिमीटरच्या टायरसाठी 70 ते 80, 35 ते 40 मिलिमीटरसाठी 50 ते 60 आणि दोन इंची जाड टायरसाठी 35 ते 45 पीएसआय पुरते. मागच्या चाकावर भार जास्त येतो, तिथे थोडी जास्त ठेवा. वजन जास्त असेल किंवा कॅरियरवर सामान असेल, तर आणखी थोडी. काहीही न होता, सायकल नुसती उभी असली तरी, रबरातून हवा हळूहळू झिरपतेच. त्यामुळे अरुंद टायर आठवड्यातून एकदा आणि जाड टायर दोन आठवड्यांतून एकदा मोजावेत.

मोटारींच्या हवेच्या यंत्रावर सायकल नेऊ नका. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी, आणि ते यंत्र ती क्षणात भरतं. एक तर ट्यूब फुटते, नाही तर मोटारीच्या 30-35 पीएसआयवर काम थांबतं आणि अरुंद टायर अर्धाच भरतो. पायाने दाबून धरायचा, मापक लावलेला उभा पंप घरी असावा. तो आमच्याकडे मिळतो, पण इतर कुठून घेतलात तरी चालेल. फक्त तुमचा व्हॉल्व्ह मोटारीसारखा जाड आहे की बारीक, ते पाहून घ्या. पंप घ्यायचा नसेल, तर आमच्याकडे हवा मोजून भरून देण्याचे पैसे लागत नाहीत. सकाळी कामाच्या घाईत येण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी या, नीट पाहता येतं.

रस्त्यावर काचा-खिळे खरोखरच जास्त असतील, तर आतून संरक्षक थर असलेले टायर आम्ही सुचवतो. ते थोडे जड असतात, पण रोजच्या प्रवासाला तेवढं वजन चालतं. मात्र कमी हवेचं पंक्चर त्यांनीही टळत नाही.

सायकल जड चालते म्हणून गिअर बदलून मागणाऱ्यांनाही आम्ही आधी हवा मोजू द्या म्हणतो. त्यानंतर सीटची उंची पाहतो: पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मग चेन. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं आणि गिअरला हात लावावा लागत नाही.

पंक्चर झालं तर रिकाम्या टायरवर बसून येऊ नका. ट्यूब, टायर आणि रिम तिन्ही खराब होतात. सायकल ढकलत आणा. चाक काढून आणणार असाल, तर ट्यूब टायरमधून काढू नका, म्हणजे भोक कुठे आहे ते पाहून तिथला टायर आतून तपासता येतो. काच तशीच राहिली, तर नवी ट्यूबही तिथेच पंक्चर होते.