पार्श्वभूमी : तेलाची चढउतार आणि नळी जोडणारा माणूस

१९३४ साली हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने दोन कायदे केले. एक पेट्रोलियम कायदा, दुसरा भारतीय गोदी कामगार कायदा. पहिल्यात तेल कसं साठवायचं, कसं न्यायचं आणि परवाना कोणी द्यायचा हे ठरलं. दुसरा जहाजावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाच्या जिवासाठी होता. त्यामागे १९३२चा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार होता. तेलाचा कायदा नियमांसह १९३७ मध्ये लागू झाला. माणसाचा कायदा लागू व्हायला १९४८ साल उजाडावं लागलं.

या अकरा वर्षांच्या फरकाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. पेट्रोरसायनांच्या चढउताराचा पुढचा सगळा इतिहास याच क्रमाने गेला आहे. आधी मालाची काळजी, मग टाकीची, मग कारखान्याची. नळी जोडणाऱ्या माणसाचा नंबर सगळ्यात शेवटी.

त्या अकरा वर्षांतच १४ एप्रिल १९४४ येतो. मुंबईत व्हिक्टोरिया डॉकच्या धक्क्याला लागलेल्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. कराचीला त्यात कापसाच्या गासड्या आणि वंगणतेलही चढवलं होतं. कापूस, तेल आणि दारूगोळा एकाच जहाजात! धोकादायक माल असलेल्या जहाजावर लावायचा लाल बावटाही त्यावर नव्हता. दुपारची जेवणाची सुटी संपवून हमाल परत आले, तेव्हा दोन नंबरच्या होल्डमधून, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्यातून, धूर येत होता. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या दिवशी धक्क्यावर मेलेल्या हमालांच्या नावाने मात्र कुठलाच दिवस नाही. त्यातले कितीतरी जण मुकादमाच्या वहीत फक्त टोळीचा आकडा म्हणून उरले असतील.

तोवर तेल हे बऱ्याच अंशी हाताने उचलायचं सामान होतं. घासलेटचे चार गॅलनचे चौकोनी डबे आणि लोखंडी पिंपं. पिंप गडगडून पाय चेचणं, डबा गळून कपडे भिजणं, पाठ धरणं हे त्या कामातले रोजचे धोके होते. पन्नासच्या दशकात चित्र पालटलं. मुंबईतल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बे) १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलची रिफायनरी सुरू झाली. कच्च्या तेलाची जहाजं बुचर बेटाच्या जेट्टीला लागू लागली. घारापुरीच्या लाँचमधून दिसणारं हेच बेट, आजचं जवाहर द्वीप. तिथून समुद्राखालच्या पाइपलाइनीने तेल किनाऱ्यावर येई. तुर्भ्याजवळच्या पीर पावच्या जेट्टीवर रसायनं उतरू लागली. साठच्या दशकात युनियन कार्बाइडने तुर्भ्याला आणि नोसिलने ठाणे-बेलापूर पट्ट्यात नॅफ्था क्रॅकर, म्हणजे तेलातला नॅफ्था तोडून रसायनं काढणारे कारखाने, उभारले आणि इथे पेट्रोरसायनांचं युग सुरू झालं. बेन्झीन, टोल्युइन, स्टायरीन, मेथॅनॉल ही नावं टँकरच्या पाठीवर दिसू लागली.

पिंप गेलं, नळी आली. पाठीवरचं ओझं कमी झालं आणि धोका एका ठिकाणी गोळा झाला. टाकीत बंद असलेलं तेल सहसा गप्प असतं. ते बाहेर येतं ते जोडताना आणि सोडवताना.

हे जवळून पाहण्यासारखं आहे. जहाजाच्या मॅनिफोल्डला, म्हणजे डेकवर एकत्र आलेल्या पाइपांच्या तोंडांना, नळी लावायची म्हणजे दोन फ्लँज (पाइपाच्या टोकाच्या भोकं असलेल्या चकत्या) समोरासमोर आणायचे, मध्ये गळती रोखणारं गॅस्केट बसवायचं आणि प्रत्येक भोकात बोल्ट घालून सारखे आवळायचे. घाई झाली की दोन-चार बोल्ट वगळले जातात. पंप सुरू झाल्यावर दाब पहिल्यांदा तिथेच फुटतो. काम संपल्यावर धोका आणखी वाढतो. नळीत थोडा माल उरलेला असतो, कधी दाबही उरलेला असतो. बोल्ट सैल करणारा माणूस सांध्यासमोर उभा असेल तर सगळं त्याच्या तोंडावर येतं. म्हणून जाणते जेट्टीवाले बाजूला उभं राहून आधी आपल्यापासून लांबचा, पलीकडच्या अंगाचा बोल्ट सैल करतात. उडालंच तर पलीकडे उडतं.

टँकर-ट्रक भरण्याचं गणित वेगळं. वेगाने वाहणारं पेट्रोल किंवा टोल्युइन स्वतःच विद्युतभारित होतं आणि हा भार डोळ्यांना दिसत नाही. म्हणून झाकण उघडण्याआधी अर्थिंगचा क्लॅम्प लावायचा. भरण्याची नळी तळाला टेकवायची आणि तिचं तोंड मालात बुडेपर्यंत प्रवाह सेकंदाला एक मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे आधी पेट्रोल नेलेल्या टाकीत डिझेल भरणं. डिझेल सहजासहजी पेटत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण टाकीत पेट्रोलची वाफ उरलेली असते आणि डिझेलने आणलेली ठिणगी तिला पुरते. जहाज आणि जेट्टीच्या मध्ये मात्र अर्थिंगच्या तारेवर भिस्त ठेवत नाहीत. तिथे नळीच्या वाटेत वीजरोधक फ्लँज घालतात, कारण दोहोंमधल्या वीजदाबाच्या फरकामुळे नळी सोडवतानाच ठिणगी पडू शकते. ट्रकवर शिकलेला माणूस जेट्टीवर गेला की त्याला हे नव्याने शिकवावं लागतं.

हे ज्ञान फार महाग मिळालं. डिसेंबर १९६९ मध्ये 'मार्पेसा', 'मॅक्ट्रा' आणि 'काँग हाकोन सातवा' या तीन प्रचंड तेलवाहू जहाजांच्या रिकाम्या टाक्या पाण्याच्या फवाऱ्याने धुताना स्फोट झाले. फवाऱ्याच्या तुषारांतही विद्युतभार साठतो हे तेव्हा नीट उमगलं. पुढे टाक्यांमध्ये निष्क्रिय वायू भरून ठेवण्याची सक्ती आली आणि १९७८ मध्ये तेलवाहू जहाजं व टर्मिनल यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय सुरक्षा मार्गदर्शिका निघाली. जहाजाचा अधिकारी आणि जेट्टीचा अधिकारी एकत्र फिरून तपासणी-यादीवर सह्या करतात, ती पद्धत या मार्गदर्शिकेमुळे जगभर रुळली.

तरीही ८ जानेवारी १९७९ ची रात्र आलीच. आयर्लंडच्या बँट्री खाडीत व्हिडी बेटाजवळच्या जेट्टीवर 'बेतेलज्यूज' हे जहाज कच्चं तेल उतरवत होतं. आग लागली, जहाज मोडलं आणि एकूण ५० माणसं गेली. चौकशी आयोगाने जहाजाच्या खिळखिळ्या सांगाड्यावर बोट ठेवलंच, पण जेट्टीविषयीचे निष्कर्ष मला जास्त अस्वस्थ करतात. नियंत्रण कक्षातला माणूस त्या वेळी जागेवर नव्हता. आगीच्या पाण्याची लाइन कायम दाबाखाली ठेवायची नाही, असा निर्णय आधीच झाला होता. पाण्यात उभ्या असलेल्या त्या जेट्टीवरून निसटायला योग्य बोट नव्हती. जेट्टीवरचे कामगार समोरून येणारी आग पाहत तिथेच अडकले. आपल्या बंदरांतल्या बेटावरच्या आणि खोल पाण्यातल्या जेट्ट्यांना हा धडा जसाच्या तसा लागू आहे.

आपल्याकडे कायद्यांना वेग आला तो भोपाळनंतर. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, तेल उद्योगासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालय स्थापन झालं आणि १९३४च्या जुन्या कायद्याची जागा गोदी कामगार (सुरक्षा, आरोग्य आणि कल्याण) कायद्याने घेतली. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं, १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले, १९९० मध्ये गोदी कामगारांची सविस्तर विनियमावली आली.

कागद भरपूर झाला, पण तो तुकड्यातुकड्यांत. एकच बेन्झीन जहाजावर असताना गोदी सुरक्षा निरीक्षकाच्या अखत्यारीत, किनाऱ्यावरच्या टाकीत नागपूरला मुख्यालय असलेल्या विस्फोटक विभागाच्या परवान्याखाली, कारखान्याच्या कुंपणात राज्याच्या औद्योगिक सुरक्षा संचालनालयाखाली आणि रस्त्यावर मोटार वाहन नियमांखाली. माल पुढे सरकतो तसा साहेब बदलतो. आणि कुंपणाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या टँकरचा क्लीनर नेमका कोणाचा, याचं उत्तर सहसा 'ठेकेदाराचा' एवढंच मिळतं. याच महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या हमालाची नोंद झाली, त्याला मंडळ मिळालं, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. देशाला दाखवावं असं ते काम होतं. नळीवर काम करणाऱ्याला त्या तोडीचं काही मिळालं नाही. त्याच्या पाठीवर ओझं दिसत नाही म्हणून त्याचं काम हलकं धरलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१४ सप्टेंबर १९९७ रोजी विशाखापट्टणमच्या रिफायनरीत जहाजातून एलपीजी घेताना गळती होऊन आग लागली. सुमारे ६० माणसं गेली. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या सीतापुरा डेपोत शेजारच्या कंपनीकडे पेट्रोल पाठवण्याची तयारी चालू होती. तिथल्या लाइनीवर हॅमर ब्लाइंड प्रकारचा, म्हणजे मध्ये पट्टी घालून लाइन बंद करणारा, वॉल्व होता. त्याची पट्टी बदलायची तर वरचा भाग उघडावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ लाइन उघडीच. त्याच वेळी टाकीकडचा वॉल्व उघडा होता. पेट्रोलचा फवारा उसळला, जवळचा कामगार वाफेने कोसळला आणि सोडवायला गेलेल्यांनाही वाफेने घेरलं. दूरवरून वॉल्व बंद करता येईल अशी सोय चालू स्थितीत नव्हती. तासाभराहून जास्त वेळ पेट्रोल वाहत राहिलं, मग स्फोट झाला. अकरा जण दगावले. आग अकरा दिवस धुमसत होती. चौकशीसाठी नेमलेल्या एम. बी. लाल समितीने हे वॉल्व काढायला आणि दुरून चालणारे वॉल्व बसवायला सांगितलं. वर्षानुवर्षं तो वॉल्व हाताने हाताळणाऱ्या माणसांना त्याची रचना कशी अंगावर येऊ शकते हे ठाऊक असणारच. त्यांना विचारायची पद्धत नव्हती.

स्फोटांना निदान तारीख असते. बेन्झीनला तीही नसते. टाकीचं झाकण उघडून डिपरॉड (मालाची पातळी मोजायची काठी) टाकणाऱ्याच्या, नमुना काढणाऱ्याच्या नाकात ते थोडं थोडं जातं आणि रक्ताचा कर्करोग कित्येक वर्षांनी उघडकीला येतो. बेन्झीनविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ चा, भारताने तो १९९१ मध्ये मान्य केला. झाकण न उघडता माल मोजायची आणि नमुना घ्यायची साधनं आज सहज मिळतात. पेट्रोलमधल्या बेन्झीनचं प्रमाणही एक टक्क्यावर आणलं आहे. रसायन म्हणून येणारं बेन्झीन मात्र शुद्धच असतं.

२०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गोदी कामगारांचा, कारखान्यांचा आणि कंत्राटी कामगारांचा असे १३ कायदे एकत्र झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती लागू झाली. साहेब बदलण्याचा घोळ यातून कमी होऊ शकतो. कसोटी लागेल ती आरोग्याच्या नोंदींपाशी. घातक प्रक्रियेतल्या कामगाराची नोंद ठेवण्याचं बंधन कारखान्यांवर १९८७ पासूनच आहे आणि ती नोंद पाहण्याचा हक्क कामगारालाही आहे. पण पाच वर्षांत चार ठेकेदार पाहिलेल्या, आज पीर पावला आणि उद्या उरणला काम करणाऱ्या माणसाचे रक्ताचे अहवाल चार ठिकाणी विखुरतात. ठेका संपला की अहवालही हरवतो. एकच आरोग्यपुस्तिका, कामगाराच्या नावावर आणि त्याच्याच हातात, ठेकेदार बदलला तरी तीच पुढे चालणारी, एवढं नव्या नियमांत यायला हवं.