गोळीवर नॉर्मल आणि गोळीशिवाय नॉर्मल: ग्रेव्ह्जमधला नेहमीचा घोळ

ग्रेव्ह्ज म्हणजे थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते असा आजार; त्यावर कार्बिमाझोलची गोळी देतात. "टीएसएच नॉर्मल आला, आता गोळी बंद करू ना?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, आणि दर वेळी काळजी वाटते.

रिपोर्टमध्ये टी४ म्हणजे थायरॉइडचा हार्मोन, आणि टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा, मेंदूजवळच्या पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन. ग्रेव्ह्जमध्ये टी४ चढतो, टीएसएच दबतो, आणि उपचारानंतर टीएसएच सगळ्यांत शेवटी सावरतो. टी४ ताळ्यावर आल्यावरही तो काही महिने दबलेला राहू शकतो, म्हणून नुसत्या टीएसएचवरून गोळीचा डोस ठरवू नये.

खरा घोळ पुढे आहे. ग्रेव्ह्जचं मूळ थायरॉइडमध्ये नाही, प्रतिकारशक्तीत आहे. शरीरानेच बनवलेल्या अँटिबॉडीज (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) थायरॉइडवरच्या टीएसएचच्या जागेवर बसतात आणि ग्रंथीला राबवून घेतात. कार्बिमाझोल ग्रंथीत हार्मोन तयार होणं अडवतं. आकडे उतरतात, धडधड थांबते, ताणलेल्या बोटांवर ठेवलेला कागद थरथरेनासा होतो. अँटिबॉडीज मात्र अजून तिथेच असू शकतात. गोळी चालू असताना आलेला नॉर्मल रिपोर्ट 'डोस बरोबर बसलाय' एवढंच सांगतो.

आजार शमला असं म्हणायचं ते गोळी थांबवून वर्षभर आकडे नॉर्मल राहिले तरच. म्हणून गोळी साधारण १२ ते १८ महिने चालते. थांबवण्याआधी टीआरएबी, म्हणजे त्या अँटिबॉडीजची तपासणी, करायला हवी. ती न करता गोळी सोडणं मला मुळीच पटत नाही. टीआरएबी चढा असेल तर आजार उलटण्याची शक्यता दाट. मग रेडिओआयोडीन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडीन), शस्त्रक्रिया किंवा कार्बिमाझोलचा छोटा डोस आणखी काही वर्षं. या शेवटच्या मार्गाला लोक 'गोळी सुटतच नाही' म्हणून नाक मुरडतात, ते चूक आहे. रेडिओआयोडीननंतरही बहुतेकांना थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडलेला थायरॉइड हार्मोन भरून काढणारी, गोळी जन्मभर लागतेच.

(कार्बिमाझोलने क्वचित पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून ते चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या. हे लांबणीवर टाकू नका.)

टीआरएबी निगेटिव्ह आला तरी हमी नाही. आजार उलटला तर बहुधा पहिल्या वर्षातच उलटतो, म्हणून गोळी थांबल्यावर पहिले सहा महिने तरी दर एक ते तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. मध्येच वजन उतरू लागलं, झोप उडाली किंवा तो कागद पुन्हा थरथरला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता.